बाराव्या खोलीचं वय

ही गोष्ट खरी आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि असता तरी भर दुपारी, एसी लावलेल्या ट्रेनिंग रूममध्ये असलं काही होईल असं मला वाटलं नसतं.

रविवार होता. दुपारचे तीन. बिल्डिंगमध्ये मी आणि खाली वॉचमन, बस्स.

मी कंटेनर सांभाळायला शिकवते. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमचा बंद डबा. असे शेकडो डबे चालू ठेवायचे, एक बंद पडला की दुसरा आपोआप उभा राहील अशी सूचना लिहायची. सोमवारी अकरा जणांची बॅच होती. सरावासाठी प्रत्येकाला क्लाउडवर एकेक खोली, म्हणजे स्वतःची वेगळी जागा, लागते. मी अकरा आकडा टाकला, बटण दाबलं, यादी उघडली...

बारा.

यादीत प्रत्येक खोलीचं वय दिसतं. अकरा खोल्यांचं वय चार मिनिटं. बाराव्या खोलीचं...

२१४ दिवस.

क्लाउडचं खातंच मी त्या दिवशी सकाळी उघडलं होतं.

ती खोली उडवली. दहा सेकंदांत परत आली. वय तेच. पाच वेळा उडवून झाल्यावर आमच्या सिस्टिमवाल्याला फोन केला. तो म्हणाला, कुठेतरी बाराची सूचना राहिली असणार, त्याशिवाय ती परत येणारच नाही. घरून त्याने सगळं चाळलं.

"मॅडम, सूचना अकराचीच आहे."

मी कॅलेंडरवर मागे मोजत गेले.

बरोबर तितक्या दिवसांपूर्वी माझा दादा गेला होता.

छापखाना बंद पडल्यावर, पन्नाशीत, त्याला हे काम शिकायचं होतं. "छोटे, मला बसव की तुझ्या वर्गात. मागच्या खुर्चीवर बसेन, बोलणारपण नाही." आणि दर दोन मिनिटांनी "बरोबर ना?" विचारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पोरांसमोर मला त्याची लाज वाटली असती. खरं तेच सांगते. मी त्याला दोनदा म्हटलं, "पुढच्या बॅचला बघू." दुसऱ्यांदा म्हटलं त्याच संध्याकाळी तो गेला.

सोमवारी वर्ग सुरू झाला. अकरा जण. मागची खुर्ची रिकामी.

कोण कितव्या धड्यावर आहे ते मला स्क्रीनवर दिसतं. बारावी खोली पहिल्या धड्यावर होती. मग दुसऱ्या. सगळ्यांच्या मागे, पण येत होती.

मी भीत भीत आत डोकावले. कमांड नीट लिहिल्या होत्या. आणि प्रत्येक कमांडखाली...

बरोबर ना?

तेव्हापासून मी हळू शिकवायला लागले. प्रत्येक गोष्ट दोनदा. पोरं वैतागली. सगळे वर बघत असायचे, कुणाचेच हात चालत नसायचे, तरी मागून आवाज यायचा. दोन बोटांनी टाइप केल्यासारखा. टक... टक... त्या खुर्चीकडे बघायचं मी टाळत होते.

शुक्रवारी शेवटचा धडा. आपली खोली आपणच पुसून टाकायची. अकरा खोल्या गेल्या. बारावी तशीच राहिली.

वर्ग रिकामा झाल्यावर मी ती उघडली. आत एकच ओळ होती...

पुढच्या बॅचला बघू.

मी रडले. मग घाबरले, आणि सगळं खातंच बंद करून टाकलं.

उद्यापासून नऊ जणांची नवी बॅच आहे. आज नवं खातं उघडलं. आकडा अजून टाकलेला नाही. तरी यादीत एक खोली आहे. वय २२८ दिवस.

"पुढच्या बॅचला बघू" असं मी त्याला दोनदा म्हटलं होतं. त्याचं एकदाच म्हणून झालंय.