सैल जोडणी

द्रव नायट्रोजनच्या टाकीसोबत लिफ्टमध्ये कुणी चढायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. टाकी एकटी वर पाठवायची आणि आपण जिना चढायचा. त्या दिवशी धापा टाकत मी मधल्या मजल्यावर पोचले, तर कुणीतरी बटण दाबून लिफ्ट थांबवलेली, आणि एक उंच तरुण आत पाऊल टाकतोय... मी त्याची बाहीच धरून ओढली.

“अहो, टाकी गळली तर आत श्वास घ्यायला हवा उरत नाही.”

टाकीवरची पाटी वाचून तो ओशाळला. “पहिल्याच दिवशी जीव वाचवलात. आता जन्मभर तुमचं ऐकावं लागणार.”

ऐकलं मात्र अजिबात नाही. तो गणितवाला निघाला — काही महिन्यांसाठी आमच्याच गटात आलेला. आम्ही क्वांटम संगणकाची चिप बनवत होतो. तिच्यावरची अतिवाहक विद्युत-मंडलं चालतात ती एका अजस्र फ्रीजमधल्या भयंकर थंडीत. आई शेजारणींना सांगायची, “पोरगी फ्रीज सांभाळते.” माझ्या चिपवरच्या अशा दोन मंडलांनी, म्हणजे क्यूबिटांनी, एकमेकांना ऊर्जा द्यायला हवी होती. पडद्यावर मात्र नुसता गोंधळ.

“जोडणी फार घट्ट आहे,” तो म्हणाला. “एकाला हात लावला की दुसरा हलतो. जरा सैल करा.”

“कागदावर सगळं सोपं असतं. नवी चिप काय तुम्ही बनवणार?”

“बनवता येत नाही. सोबत बसता येतं.”

आणि बसला. भांडता भांडता ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. नव्या चिपची आखणी बघायला दोघं एकदम वाकलो की कपाळं आपटायची, मग दोघंही उगाच चष्मे पुसत बसायचो.

नवी चिप फ्रीजमध्ये गेली तोवर त्याची मुदत संपत आली होती. मुदतवाढ मिळत होती, पण त्याने होकार कळवला नव्हता. त्याच्या ताईने तर घरी परतायचं तिकीटही काढलं होतं.

मोजमापाच्या सकाळी मी सगळ्या तारा दोनदा तपासल्या. पहिल्या क्यूबिटला सूक्ष्मलहरींचा हलकासा धक्का दिला. पडद्यावर पहिल्याची रेघ खाली आली, दुसऱ्याची वर चढली... मग उलट. पुन्हा, पुन्हा. नितळ लाट.

“ऊर्जा जातेय... आणि परत येतेय,” मी कुजबुजले. त्याने माझा हात घट्ट धरला होता आणि सोडायचं विसरला होता.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, “जाऊ नकोस ना. चिपसाठी नाही म्हणत मी... मला तू हवा आहेस.”

त्याचे कान लाल झाले. “परत म्हण.”

“का?”

“एकदाच आलेला निकाल धरत नाहीत.”

मी परत म्हणाले — या वेळी त्याच्या डोळ्यांत बघून.

हात न सोडताच त्याने दुसऱ्या हाताने फोन लावला. “ताई, ते तिकीट रद्द कर. अगं, तब्येत ठणठणीत आहे...” मग माझ्याकडे बघत हसला. “हो, तीच. भांडखोर.”