दोन बोटं आत

धुकं इतकं दाट होतं, की माणसं आधी स्वतःचं नाक चाचपून बघायची आणि मगच उंबरा ओलांडायची. एका गृहस्थानं तर त्या सकाळी शेजाऱ्याच्या बायकोला गाडीवर बसवून तिच्या ऑफिसात सोडलं म्हणे. खरंखोटं ती दोघं जाणोत. पण न्हाव्याकडे निघालेला बेकरीवाला चुकून शिंप्याच्या दुकानात शिरला, हे मात्र खरं.

नव्या वर्षाचा पहिला दिवस होता. म्हातारी आत्या मशीनवर, भाची काउंटरवर. भाचीच्या ओठांत सदा टाचण्या, म्हणून सगळी गल्ली तिला टाचणीच म्हणायची. आत आलेल्या त्या गोलमटोल माणसाच्या पापण्यांवर मैदा होता… की धुकं?

"चुकलो वाटतं," तो म्हणाला. पण तिच्याकडे बघितलं आणि अंगातला कोट काढून पुढे केला. "दोन बोटं आत घेऊन द्या. यंदा बारीक व्हायचा संकल्प आहे."

"आधी व्हा की," आत्या म्हणाली. "कोट कुठं पळून जातोय?"

"कोट आवळला, की मला लाज वाटेल."

टाचणीनं माप घेतलं. त्याच्या अंगाला ताज्या पावाचा ऊबदार वास होता. तिनं कोटाला टाकासुद्धा घातला नाही. नुसती इस्त्री फिरवली आणि महिन्यानं परत दिला.

"मावलो की हो," म्हणत तो असा उजळला, की दुकानातला दिवा विझवला तरी चाललं असतं. त्या आनंदात त्यानं डबाभर बिस्किटं खाल्ली.

पुढे हा रिवाजच झाला. दर वर्षी कोट यायचा, इस्त्री होऊन जायचा. सोबत एक गरम पाव.

"एवढ्या टाचण्या तोंडात ठेवता," तो एकदा म्हणाला, "एखादीच्या जागी शब्द ठेवून बघा ना."

तिनं ओठ आणखी घट्ट मिटले. टाचण्या होत्या ना…

मग त्याची आई गेली. भट्टी तिच्या हुकमात पेटायची. ती गेली आणि भट्टी थंडच पडली. मामानं दूरच्या शहरात बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी लावून दिली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो आला, तेव्हा कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. हातात पाव नव्हता.

"आत घ्या. संध्याकाळची गाडी आहे. तिकडे दुसराच माणूस होऊन राहायचा संकल्प आहे."

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"मी हा कोट कधीच आत घेतला नाही."

"म्हणजे?"

"इस्त्री करून द्यायचे."

तो कोटाकडे बघत राहिला. "म्हणजे इतक्या वर्षांत मी तसूभर बदललो नाही?"

"बदलू नये, असं वाटायचं मला."

"आणि आता?"

"आता बदललात." तिनं कोटाची लोंबती बाही चिमटीत धरली. "मला… नाही बघवत."

आत्याचं मशीन थांबलं.

"हे आधी बोलली असतीस—" तो पहिल्यांदाच एकेरीवर आला.

ती पुढे झाली. कोटाची बटणं तिनं स्वतः लावली. त्याच्या छातीपाशी मोकळं कापड हलत राहिलं.

"ह्यात अजून एक माणूस मावेल," तो हळूच म्हणाला. "येतेस?"

"जा गं," आत्या म्हणाली. "माझं मी बघेन." आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून. टाचणी बघत राहिली.

"नाही येता येणार," ती म्हणाली.

संध्याकाळी फलाटावर एका कोटात दोन माणसं दिसली, असं हमाल अजून सांगतो. तो थापाड्या आहे, पण एवढं त्याचं खरं धरा. कारण गाडी सुटली तेव्हा कोटात एकच माणूस होता, आणि दुसरं फलाटावर कुडकुडत उभं होतं.