दादाचा सुळा

ठकीच्या घरात मागच्या खोलीत माणसांची तोंडं राहत.

फळ्यांवर ओळीनं मांडलेली, पांढरी, पिवळट, काही नुसत्याच हिरड्यांची. तिचे बाबा कवळ्या बनवत. चौकातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा दाबून माप घेत आणि ओल्या फडक्यात गुंडाळून बाबांकडे पाठवत. बाबा त्यात प्लास्टर ओतत, थरथरणाऱ्या यंत्रावर धरून बुडबुडे काढत, आणि जरा वेळानं मापातून कुणा अनोळखी माणसाचं तोंड बाहेर येई. प्लास्टर घट्ट होताना तापतं. त्यामुळे ताजं तोंड हातात घेतलं की कोमट लागे, जणू आत्ताच कुणीतरी बोलायचं थांबलंय.

दुसऱ्यांच्या घरी पाहुण्यांना फोटो दाखवतात. ठकीचा दादा पाहुण्यांना तोंडं दाखवायचा. वरचा जबडा एकाचा, खालचा भलत्याचाच, आणि दोन्ही टकटक आपटत त्यांना बोलायला लावायचा.

"काय हो, जेवलात का?"

"कसला जेवतोय! माझे वरचे दात शेजाऱ्याचे आहेत, ते उपासाला बसलेत."

आई आतून ओरडायची, "अरे, लोकांची थोबाडं आहेत ती! फोडशील एखादं."

"आई, आपल्याकडे थोबाडं फोडत नाहीत. जोडून देतात."

दादाचे स्वतःचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले होते. सुळ्याच्या जागी तर नुसतीच खिंड. त्याला तारेची पट्टी करायची म्हणून बाबांनी माप घेतलं आणि घरचंच काम म्हणून जास्तच निगुतीनं निळ्या रबराचा साचा करून ठेवला. गुलाबी माप एका ओतण्यात संपतं. रबरी साचा टिकतो. त्यातून हवी तितकी तोंडं काढा, सगळी एकसारखी. "तसूभरही फरक पडायचा नाही," बाबा म्हणाले होते.

पट्टी झाली नाही.

*

दादा कसा गेला, ते:

संध्याकाळी अंग तापलं. आईनं कपाळावर ओलं फडकं ठेवलं. बाबा म्हणाले, सकाळी दाखवू, आणि सकाळी

(इथवर आलं की आई उठून नळ सोडायची. म्हणून ठकीलाही पुढचं ठाऊक नव्हतं.)

*

त्यानंतर आई मागच्या खोलीत पाऊल टाकीनाशी झाली. तिथला केरही ठकीच काढी. बाबा दाराकडे पाठ करून बसत आणि बोलले तर एवढंच, "दार लाव." "दिवा लाव." दोन माणसं घरात होती, पण ठकीला हाक मारायला कुणी नव्हतं.

वरच्या मजल्यावर खारू राहायची. गालात कायम काहीतरी कोंबलेलं, म्हणून खारू. दोघी एकाच वर्गात, आणि दोघींचे वरचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. दादा असता तर म्हणाला असता, "हसतील त्यांचे दात दिसतील. तुझे कुठायत, ठके?"

ठकीला आपली खिंड दादाला दाखवायची होती. बाकी काही नाही. बाबा दुपारी दवाखान्यात कवळ्या पोचवायला गेले, तेव्हा ठकीनं निळा साचा काढला. खारूनं पाणी ओतलं, ठकीनं प्लास्टर कालवलं. बाबांचं बघून बघून तिचा हात बसला होता.

तोंड निघालं. कोमट. चढलेले दात, सुळ्याची रिकामी जागा, सगळं दादाचं.

"आ कर," ठकीनं त्याला सांगितलं आणि स्वतःच आ करून दाखवला.

खारूनं प्लास्टर उचललं आणि जाडा आवाज काढला. "ए बोळके! चणे खातेस का?"

ठकी हसली. हसता हसता रडली. खारूनं तोंड खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवत बसली, थोरल्या बाईसारखी. ठकीनं ते तोंड बुटांच्या खोक्यात घालून पलंगाखाली सरकवलं.

*

दुसरं तोंड काढलं ते खारूसाठी. तिलाही एक हवं होतं. दादा तिलाही चिडवायचा आणि तिला सख्खा भाऊ नव्हता.

दोन्ही तोंडं शेजारी ठेवली. खारूचं चघळणं थांबलं.

"इथं काय आलंय?"

पहिल्या तोंडात सुळ्याची जागा गुळगुळीत होती. दुसऱ्यात टोक होतं. इवलंसं, तांदळाच्या कणीएवढं.

"बुडबुडा असेल," ठकी म्हणाली. ती कवळ्यावाल्याची मुलगी होती. बुडबुड्यानं प्लास्टरवर मणी उठतो, हे तिला माहीत होतं. मण्याला टोक नसतं, हेही माहीत होतं.

तिनं साच्यात बोट घालून चाचपलं. त्या जागी खड्डा नव्हता. सपाट रबर.

पुढच्या खेपेला सुळा अर्धा आला होता.

*

खारूचे दात आले. आधी करवतीसारख्या दोन कडा, मग चांगले फावड्यासारखे. ती जिन्यात सफरचंद खायची, आणि तिच्या चाव्याची खूण नीट दोन दातांची उमटायची. ठकी जीभ हिरडीवरून फिरवून बघायची. मऊ. रोज मऊ.

शेवटी आई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पूर्वी ठकी झोपाळ्यावरून पडली होती, तेव्हा तिच्या जबड्याचा एक्स-रे काढला होता. बाईंनी तो शोधून उजेडात धरला. हिरडीच्या आत दात रांगेत थांबलेले, कळ्यांसारखे. मग आजचा धरला.

त्यात हिरडी आतून रिकामी होती. त्यांनी कोपऱ्यातलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"यंत्रात काहीतरी झालं असेल," त्या म्हणाल्या. "आतले दात असे जात नसतात हो. जातील कुठे?"

वाटेत आईनं ठकीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. दादा गेल्यापासून आईनं तिचा हात धरला नव्हता. ठकीला दुखलं, पण तिनं सोडवला नाही.

*

जिन्यात.

"तुझे दात दादाला जातायत," खारू म्हणाली.

"काहीही बोलू नकोस."

"चार तोंडं काढलीस तू. चौथ्यात दाढ आलीय. माझ्या डोळ्यांनी बघितलीय."

"मग जाऊ देत! माझे आहेत, मी देईन."

"ठके, आणि दात संपले की?"

ठकी कठड्याचा रंग नखानं खरवडू लागली.

"संपले की काय जाणार?"

"तुला काय करायचंय? तुझे तर आले ना!"

खारू उठली. मग पायऱ्या उतरून सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली. ठकी जिन्यातून ओरडत राहिली, "चहाडखोर! कट्टी! जन्माची कट्टी!"

*

बाबा रागावतील असं दोघींना वाटलं होतं.

त्यांनी खोकं मागितलं. तोंडं टेबलावर ओळीनं लावली. भिंग डोळ्याला लावून एकेक बघितलं. खारूला म्हणाले, "तू घरी जा, बाळ. बरं केलंस सांगितलंस." ती गेली. ठकी दारात उभी.

शेवटच्या तोंडातल्या सुळ्यावर बाबांनी अंगठा ठेवला. उचललाच नाही.

"वाकडा येईल अशी भीती होती मला," ते म्हणाले. कुणाला, कोण जाणे. "सरळ आलाय."

मग त्यांना ठकी दिसली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, तोंड उघडायला लावलं, हिरडीवरून बोट फिरवलं. डोळे पुसले.

"साचा जाळून टाकतो. आजच. मग तुझे येतील."

संध्याकाळी मागच्या अंगणात रबर जळल्याचा वास आला. ठकी खिडकीशी उभी राहून छातीभरून तो वास घेत होती. रडूही येत होतं आणि हलकंही वाटत होतं. कट्टी मोडायची, असं तिनं ठरवून टाकलं.

*

आणि घर बदललं.

बाबा जेवताना बोलू लागले. आईनं जाडे पडदे काढून धुतले. ती मागच्या खोलीतही जाऊ लागली. दोघं तिथं दार लावून बसत आणि बाहेर हळू आवाज येत, अंगणात नवा कोंब फुटला की माणसं बोलतात तसे. एकदा तर आई हसलेली ऐकू आली. ठकी त्या दारापाशी कान लावून उभी राहिली. तिला आत बोलावलं नाही, तरी तिला बरं वाटलं. आई हसत होती ना.

ठकीचे खालचे दोन दात पडले. मग त्यांच्या शेजारचे, मग एकेक करत वरचे-खालचे सगळे.

हिरडी मऊ.

"बाबा, साचा जाळलात ना?"

"म्हणजे काय! तुला वास नाही आला?"

वास काय, कुठलंही रबर जाळलं तरी येतो. हे ठकीच्या मनात आलं आणि तिनं ते मनातच दाबलं.

एका सकाळी बाबांनी तिच्या हातात एक डबी दिली. आत कवळी होती, बाहुलीची असावी तेवढी. हिरडीचा गुलाबी रंग, दातांच्या कडा करवतीसारख्या, अगदी नव्यानं आलेल्या दातांसारख्या. इतकं सुंदर काम बाबांनी आजवर केलं नव्हतं.

"शाळेत कोणी हसायचं नाही आता."

तिनं ती बसवली. चपखल. कुठं टोचली नाही, हलली नाही. बाबांनी तिचं माप कधीच घेतलेलं नव्हतं.

शाळेत कोणी हसलं नाही. खारूनं मात्र लांबूनच तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं सफरचंद न खाताच दप्तरात टाकलं.

*

आई तिची वेणी घालत होती.

"आई, माझे येणार ना?"

कंगवा थांबला. परत चालू लागला.

"तुला खोटे लावता तरी येतात, ठके," आई म्हणाली. आवाज मायेचा होता. फार दिवसांनी इतका मायेचा.

*

दुपारी आई-बाबा दोघं दवाखान्यात गेली. ठकी मागच्या खोलीत शिरली.

कोपऱ्यातल्या फळीवर पडदा नवा होता. तिनं तो सरकवला.

दादाची तोंडं. खोक्यातली, आणि नंतरची. चढलेले दात हळूहळू मोकळे होत गेलेले. जबडा रुंदावत गेलेला. टोकाचं तोंड एका बाप्याचं होतं, मागे अक्कलदाढा असलेलं. ते त्या साच्यात मावणंच शक्य नव्हतं.

निळा साचा टेबलावर होता. भरलेला.

तिनं हात लावला. कोमट.

क्षणभर तिला वाटलं, थांबावं. प्लास्टर घट्ट होईपर्यंत. दादा आता किती मोठा झालाय, एकदा बघावं.

मग तिनं कवळी काढून टेबलावर ठेवली आणि जीभ हिरडीवरून फिरवली. सगळीकडे. कुठेतरी, अगदी मागे, काहीतरी टणक लागावं म्हणून.

नाही.

"पुरे," ती मोठ्यानं म्हणाली. दातांशिवाय शब्द फुसका निघाला.

साचा कापायचा. बारीक तुकडे करायचे. ते वर खारूच्या घरी न्यायचे आणि तिच्यादेखत जाळायचे.

बाबांची सुरी खालच्या खणात असे. तिनं खण ओढला. अडकला. दोन्ही हातांनी ओढला.

सुरी नव्हती.

खणात पांढरा कापूस पसरलेला, आणि त्यावर कवळ्या. पहिली, तिनं आत्ताच काढून ठेवलेल्या कवळीपेक्षा जरा मोठी. पुढची आणखी मोठी. मग मोठ्या मुलीची. मग बाईची. प्रत्येकीच्या तळाशी पेन्सिलीनं, बाबांच्या नेटक्या अक्षरात, ठकी. ठकी. ठकी.

शेवटची खणाच्या पार आत होती. म्हाताऱ्या माणसाला पांढरेशुभ्र दात शोभत नाहीत, म्हणून बाबा त्यांच्यासाठी चहानं पिवळे पडल्यासारखे दात निवडत. हे तसे होते. हिरडी आक्रसलेली. दात कडेला घासून, मुद्दाम झिजवलेले. डावीकडे जास्त.

ठकी डावीकडूनच चावायची.