सतराव्या नोंदीचं डावं पान

पान गेलं होतं.

संघदीप वानखेडेनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सावरडोहचं कोतवाल बुक, सन १९४४. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवालानं लिहून ठेवायची जुनी वही. वीस नंबरच्या पानानंतर एकदम बावीस. निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि आता हे लचांड गळ्यात. तहसीलच्या अभिलेख कक्षातली धूळ त्यानं तीस वर्षं खाल्ली होती, पण इतका थकवा कधी आला नव्हता.

टेबलापलीकडं प्रियंका राठोड उभी होती.

"काका, नक्कल आजच पाह्यजे. परवा यवतमाळले समितीपुढं सुनावणी हाय. आजोबाची नोंद नसली त जात वैधता नाही, अन् वैधता नसली त नर्सिंगची सीट गेली."

"सोमवारी तू पाहिली होती ना नोंद?"

"मी अर्जाले लावाचं तिकीट आणाले गेलती. प्रफुल्लभाऊनं पाहून सांगतलं, सतरा नंबरले हाय म्हणून."

नायब तहसीलदार मॅडम आल्या. त्यांनी वही चाळली.

"चाव्या कोणाकडे असतात?"

"माझ्याकडे."

"सावरडोहचा कोतवाल कोण होता त्या वेळी?"

"झिबल वानखेडे. माझे आजोबा."

मॅडमनी वहीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "संध्याकाळपर्यंत पान मिळालं नाही, तर मला वर कळवावं लागेल, वानखेडे."

त्या गेल्यावर संघदीपनं वही खिडकीशी नेली. पान फाडलेलं नव्हतं, ब्लेडनं कापलेलंही नव्हतं. शिवणीजवळ उरलेली कड मऊ होती, पिंजलेल्या कापसासारखी. तिथं ओली होऊन वाळलेली तपकिरी रेघ होती. वास तंबाखूचा. वही काळ्या दोऱ्यानं शिवलेली, पण खाचेत एक पांढरा सुती धागा चिकटला होता.

या वहीत प्रत्येक नोंद आडवी धावते. डाव्या पानावर तारीख, बाळाचं नाव, पालक, जात. समोरच्या उजव्या पानावर शेरा. डावं गेल्यामुळं उजवीकडं नुसते बिनधन्याचे शेरे उरले होते. सतरावा शेरा त्यानं भिंग लावून वाचला. त्यात त्याच्या आजीचं, मथुराचं, नाव होतं.

मग त्यानं सोमवारची नोंदवही उघडली. त्या दिवशी ही वही पाहणाऱ्यांच्या तीनच खुणा होत्या. प्रियंकाची सही, प्रफुल्लची सही आणि एक अंगठा. अंगठा प्रियंकाच्या आजोबांचा, उकंडा राठोडांचा. म्हाताऱ्यानं त्या दिवशी त्याला विचारलं होतं, "झिबल कोतवालाचा नातू का तू?" आणि त्याचा हात बराच वेळ सोडला नव्हता.

प्रफुल्लचं टेबल तहसीलच्या फाटकाबाहेर. अर्ज भरून देणं हा त्याचा धंदा. त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता आणि बोटं तपकिरी.

"सोमवारी वही तुझ्या हातात होती?"

"होती. मी काय पान खाल्लं का, साहेब?"

"किती वेळ होती?"

"पाच मिन्टं. बुढ्याले वाचून देल्लं अन् निंगालो. वही त्याच्याच मांडीवर होती. तुमी तवा कुठं होते?"

संघदीप चहाला गेला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"काय वाचून दिलं?"

प्रफुल्लनं आवाज उतरवला. "डावीकडं कोतवालाचं घर लिवलं हाय, अन् जातही कोतवालाचीच. मी म्हटलं, बाबा, हे पान नसतं त शाळेच्या दाखल्यावर भागलं असतं."

"आणि उजवं पान?"

"घाईत राह्यलं. पण नोंद दोन पानांवर असते, हे आता मले शिकवता का? रोज नकला काढून राह्यलो मी."

संघदीपनं मान डोलावली. त्याचं काम झालं होतं.

चार वाजता त्यानं सगळ्यांना कक्षात बोलावलं. मॅडम, प्रियंका, प्रफुल्ल. बाहेरच्या बाकावरून उकंडाबाबाही आले, डोक्याला पागोटं, ओठाखाली तंबाखूची चिमूट, धोतराचा काठ एका जागी उसवलेला.

"ओला धागा शिवणीत ठेवून दाबला, की पान आवाज न करता सुटतं," संघदीप म्हणाला. "धागा तोंडात भिजवलेला आहे. त्या तोंडात तंबाखू होती."

सगळ्यांनी प्रफुल्लकडं पाहिलं.

"मलाही आधी तोच वाटला. पण ज्याला वाचता येतं त्यानं समोरचं पानही नेलं असतं, कारण नोंद तिथं संपते. ज्यानं एकच नेलं, त्याला नोंद कुठं संपते ते कळत नव्हतं. नोंदवहीत अंगठा एकच आहे. आणि धागा धोतराचा आहे, बाबा."

"आजोबा?" प्रियंकाचा आवाज फुटला.

म्हाताऱ्यानं सावकाश पागोटं उतरवलं. घडीतून प्लास्टिकची पिशवी काढली. पान आत होतं.

"माया जलमच खोटा निंघाला त पोरीचं कसं होईन? म्हून नेलं."

"मग जाळलं काहून नाही?" संघदीपनं विचारलं.

"जाळाले गेलतो. पण तिचं नाव होतं ना त्याच्यावर. मथुरा याडीचं. मले दोन याड्या होत्या बापू, एकीनं जन्म देल्ला, एकीनं उचललं."

संघदीपनं वही त्यांच्यापुढं सरकवली आणि सतरावा शेरा मोठ्यानं वाचला. "'आधीची पाच लेकरे दगावली, सबब उकंड्यावर ठेविला. मथुराने उचलिला, म्हणोन आमचे घरी लिहिला. जन्मदाता फुलसिंग, आई रुपी, जात बंजारा, सावरडोह तांडा.'"

मॅडम वहीवर वाकल्या.

"लेकरं जगत नसली की नवं बाळ उकिरड्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या घरच्या बाईनं उचलायचं, म्हणजे मरणाला ते सापडत नाही," तो मॅडमना म्हणाला. मग म्हाताऱ्याकडं वळला. "काळाले फसवायचं होतं बाबा, सरकारले नाही. माझ्या आजोबानं डावीकडं काळासाठी लिहिलं अन् उजवीकडं सरकारसाठी. तुम्ही नेलं तो पोरीचा अर्धा पुरावा होता."

म्हातारा खाली बसला आणि रडू लागला. प्रियंकानं त्याचं डोकं पोटाशी धरलं. तिला राग आला होता, तो तसाच कुठंतरी जिरला.

मॅडमनी पान जागेवर ठेवून पाहिलं. कडेला कड बसली, तपकिरी रेघ दोन्हीकडं सारखी जुळली. "जबाब द्यावा लागेल, बाबा. पुढं काय करायचं ते वरचे ठरवतील," त्या म्हणाल्या. "नकलेवर सही मी करते, वानखेडे. तुमच्या घरचं नाव आहे त्यात."

उकंडाबाबांनी जबाबावर अंगठा उठवला. मग शाई धोतराला पुसत ते संघदीपला म्हणाले, "दोन नकला दे, बापू."

"समितीले एकच लागते."

"एक पोरीले. अन् एक मले. माया दोन्ही याड्यायचं नाव एका कागदावर कधी पाह्यलं नव्हतं. वाचता नाही येत, पण घरात ठेवीन."

संघदीपनं दोन नकला काढल्या. दुसरीवर त्यानं आजीच्या आणि रुपीच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारून दिली, म्हाताऱ्याला बोट ठेवता यावं म्हणून.