बमरोलीला दिलेली गाडी

गाडी विकायची जाहिरात दिलीस म्हणे, निखिल? दे बाबा. जुनी गाडी दारात गंजत ठेवण्यात काही अर्थ नाही. फक्त विकण्याआधी घरात सगळ्यांना विचार. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. हसू नका रे. आमच्या बँकेत मुकुंद वैशंपायन म्हणून होता, त्याच्या गाडीचं सांगतो. ही हकिगत त्यानं आयुष्यात एकदाच सांगितली, आणि सांगताना त्याच्या हातातला चहा तसाच गार झाला.

मुकुंद मूळचा नाशिकचा. बदलीनं सुरतेला आला, अडाजणला रो-हाउस घेतलं आणि इथलाच झाला. घरात तो, बायको नीला आणि मुलगी केतकी. केतकी नुकती दुसरीत गेलेली. दारात पांढरी फियाट. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात केतकीला कावीळ झाली आणि ती उलटली. एका रात्री तिला घेऊन दवाखान्याला निघाले. मुकुंद गाडी चालवत होता. मागे नीला, तिच्या मांडीवर केतकीचं डोकं. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. बंद. मालगाडी संपता संपेना. फाटक उघडलं, मुकुंदनं घाईघाईनं गिअर टाकला, तेव्हा मागून नीला म्हणाली, "आता सावकाश चालव. घाई नाही."

त्यानंतर नीला रडली नाही. रोज जेवणं आटोपली की किल्ली घेऊन बाहेर जायची आणि गाडीत मागच्या सीटवर बसायची. बोलायची. शाळेचं, डब्याचं, शेजारच्या मांजरीचं. मुकुंद खिडकीतून बघायचा. त्याला ती एकटीच दिसायची. घरात चल म्हटलं की सांगायची, "मी येते रे, पण ही गाडीतून उतरतच नाही."

वर्ष असंच गेलं. डॉक्टर म्हणाले, गाडी नजरेआड करा. मुकुंदला पटलं. बायको तरी हातची जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. जाहिरात दिल्यावर त्यानं नीलाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "केतूला विचारलंस?"

तो गाडीचे कागद शोधायला आत गेला.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. भूपेंद्र सोनवणे, अमळनेरकडचा, बमरोलीला लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. बायको धनश्री. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. मूल व्हावं म्हणून ती श्रावणात जिवतीचे शुक्रवार धरायची. पहिल्या शुक्रवारी पूजा करून मगच गाडी घरी न्यायची, असा तिचा हट्ट.

तर ती रात्र म्हणजे पंच्याण्णव सालातली, श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारची. भूपेंद्रची पाळी सुटल्यावर दोघं अडाजणला आली. व्यवहार झाला. नीला आतून बाहेर आली नाही. भूपेंद्रचं लायसन कोरं करकरीत, रात्री शहरातून चालवायची हिंमत नव्हती. मुकुंद म्हणाला, "मी पोचवतो, रिक्षानं परत येईन." भूपेंद्र त्याच्या शेजारी बसला, धनश्री मागे.

तापीचा पूल ओलांडला. आभाळ भरलेलं, पाऊस नव्हता. भूपेंद्र क्लच-ब्रेकचं काहीबाही विचारत होता. मुकुंद सांगत होता. पार उधना दरवाज्याच्या चौकापर्यंत असंच चाललं.

चौक मागे पडला आणि धनश्री हळूच, आपल्या अहिराणीत म्हणाली, "तुनं नाव काय शे, बेटा?"

भूपेंद्रनं वळून पाहिलं. "कोणाशी बोलतेस?"

"दादांच्या पोरीशी. किती गुणाची आहे. कधीची गप्प बसलीय."

भूपेंद्र पुढे बघायला लागला.

मुकुंदनं आरशात पाहिलं. मागे धनश्री. एकटीच. पण तिचा हात मांडीपासून थोडा वर, हवेत, हळूहळू फिरत होता. झोपलेल्या पोराच्या केसांतून फिरवावा तसा.

"दादा, हिचे हात फार गार पडलेत हो."

मुकुंदनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

"आणि विचारते आहे... फाटक उघडलं का?"

गाडी थांबली. खाडीच्या अलीकडे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खाडीचा वास. इंजिनाची घरघर. मग तीही बंद.

मुकुंद उतरला. मागचं दार उघडलं. आत अंधार. धनश्री अंग चोरून सरकली, कुणाला तरी वाट द्यावी तशी.

"केतू," तो म्हणाला. "चल. घरी जाऊ."

काही नाही.

"केतू... बाबा आहे."

त्यानं हात पुढे केला. वर्षभरात पहिल्यांदा. आणि तळहातात काहीतरी आलं. लहान. गार. चार बोटं.

"उतरली," धनश्री म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. का, ते तिलाही कळेना.

बमरोली आता जवळच आहे, एवढं सांगून, किल्ली भूपेंद्रच्या हातात देऊन मुकुंद चालू लागला. एक हात शरीरापासून जरा लांब, खाली धरलेला. रिक्षा मिळाली. सीटवर त्यानं शेजारी जागा सोडली. बोटं हातात होती. तो बोलत होता. नीलासारखाच बोलत होता. शाळेचं. मांजरीचं.

उधना दरवाज्याला रिक्षावाला थांबला. "पुल के उस पार नहीं जाऊँगा, साब."

मुकुंद उतरला. खिशात हात घातला. पैसे दिले. दुसरी रिक्षा आली, तिच्यात बसला. हात पुन्हा शेजारी ठेवला, मूठ अर्धी मिटून. मुठीत आहे, असं धरून चालला. उघडून बघायचा धीर झाला नाही.

घर आलं. नीलानं दार उघडलं. त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हाताकडे. मग त्याच्या मागे... अंधारात.

"आणलीस?" ती म्हणाली.

त्यानं मूठ उघडली.

"मुकुंद... तिचा हात कुठे सोडलास?"

पैसे काढायला. त्याला आठवलं. पैसे काढायला हात सोडला होता.

दोघं तशीच निघाली. रात्रभर उधना दरवाज्याच्या त्या चौकात फिरली. बंद दुकानांच्या पायऱ्या, हातगाड्यांच्या खालच्या जागा, पुलापर्यंतचा रस्ता. नीला हाका मारत होती. लोक उठून बघत होते. कुणी विचारलं, "मुलगी हरवली का?" मुकुंद हो म्हणाला. कशी दिसते, हे नीलानं सांगितलं. दोन-चार जण बिचारे कंदील घेऊन त्यांच्याबरोबर फिरले.

उजाडता उजाडता मोठी सर आली. झोडपून गेली.

त्यानंतर केतकी कुणालाच दिसली नाही. नीलाला नाही. बमरोलीची धनश्री पुढे कितीदा तरी मागच्या सीटवर जाऊन बसली, तिलाही नाही. कधीच नाही.

पण त्या पहाटे दोघं घरी परतली तेव्हा फाटकातच नीला थांबली. सगळं ओलं होतं. भिंत ओली, पायरी ओली, तुळस ओली. दारापुढे गाडी लावायची फरशी वर्षात पहिल्यांदा रिकामी. वर उघडं आभाळ. ती फरशीही ओलीचिंब.

फक्त मधोमध, गुडघे पोटाशी घेऊन एखादं मूल बसावं एवढी जागा... कोरडी होती.