पेटी धक्क्यावरच!

“अहो, जरा बाजूला होता का?” योरुन तिसऱ्यांदा ओरडली. पण ऐकतंय कोण! ‘टेर्ना’च्या कठड्याला सहलीचे पाहुणे चिकटले होते, आणि खाली ग्रोहोल्मेनच्या धक्क्यावर काय चाललंय ते बारा वर्षांच्या योरुनला दिसतच नव्हतं. तिचा धाकटा भाऊ आस्लाक मात्र लोकांच्या पायांतून घुसून पुढे गेला होता.

टेर्ना म्हणजे खरं तर मालबोट. बटाटे, सिमेंट, मासळीची खोकी बेटाबेटांवर पोचवायची! पण हल्ली वर केबिनी बांधून पाहुणे भरले होते, आणि तेव्हापासून मालाला कुणी विचारत नव्हतं.

“आपली पेटी बाहेर काढली,” आस्लाक परत येऊन म्हणाला. “मागची पोती काढायला.”

“मग परत आत ठेवली ना?”

“त्यात काय बघायचं? ठेवतातच की नेहमी!”

योरुननं कपाळावर हात मारला. त्या पेटीत सिग्रिडताईचा लग्नाचा पोशाख होता! ताईच्या आईनं, म्हणजे योरुन-आस्लाकच्या मावशीनं, आजारपणात चार वर्षं बसून त्यावर भरतकाम केलं होतं. गेल्या वर्षी मावशी गेली. उद्या सकाळी अकराला लाम्ओय बेटावर लग्न! पेटी केबिनमध्येच ठेवायची होती, पण पाहुण्यांची बडदास्त ठेवणारा रोआर म्हणाला होता, “छे छे! वर पेट्याबिट्या बऱ्या दिसत नाहीत.”

भोंगा वाजला, बोट सुटली. दोघं धावत मालाच्या कोठारात उतरली. पेटीच्या जागी बटाट्याचं पोतं!

मालावर देखरेख करणारा गुन्वाल्डकाका निवांत कॉफी पीत होता. “आहे की पेटी. ही बघ कागदावर खूण.”

“कागदावर आहे हो, पण इथे कुठे आहे?”

“इथे नसेल तर पलीकडे असेल. तीस वर्षं हेच करतोय मी!”

“काका, ती खूण सकाळी चढवतानाची आहे!”

“पळा वर!”

“डोकं आहे की खोकं!” योरुन जिन्यात धुमसली.

“ताई,” आस्लाक एकदम थांबला. “माल काढताना रोआरनं काकांना फोटोसाठी बोलावलं होतं. हातात हा एवढा मासा देऊन!”

“अरे, मग हे आधी सांगायचं ना! फोटो काढला कुणी?”

काढला होता मोठ्या कॅमेऱ्याच्या एका बाईंनी. “काकू, फोटो दाखवता?” म्हटल्यावर त्या खूश! आधी अठरा सीगल. मग एक दीपगृह. मग पुन्हा तेच सीगल!

“वा, किती छान! पुढचा?” योरुन दात-ओठ खात म्हणाली.

अखेर आला! काका मासा धरून हसतोय, आणि मागे धक्क्यावर निळी पेटी. त्यापुढचा फोटो सुटलेल्या बोटीवरून काढलेला. धक्का दूर गेलेला, अन् पेटी तिथेच!

दोघांनी काकूंना कॅमेऱ्यासकट कप्तान ओशिल्डबाईंपुढे उभं केलं. फोटो बघताच गुन्वाल्डकाकाचा चेहरा उतरला. रोआर पुटपुटला, “पाहुण्यांची हौस हो...”

“मागे फिरता येणार नाही,” कप्तानबाई म्हणाल्या. “पुढच्या बंदरांत लोक मालाची वाट बघताहेत.”

“फिरूच नका!” योरुन उसळली. “साडेतीनची वेगवान बोट ग्रोहोल्मेनला थांबते आणि आपल्याआधी पुढच्या स्तुरविक बंदरात पोचते. ग्रोहोल्मेनच्या धक्क्यावरच्या दुकानदाराला फोन करून पेटी तिच्यावर चढवायला सांगा ना!”

कप्तानबाईंनी फोन उचलला.

स्तुरविकच्या धक्क्यावर निळी पेटी खरंच उभी होती! गुन्वाल्डकाकानं ती स्वतः उचलून आत आणली आणि लाम्ओयला स्वतःच खाली उतरवली.

“चूक माझी, पोरांनो,” तो टोपी काढून म्हणाला. “बाहेर काढलेला माल आत गेल्याशिवाय जागचं हलू नये, हे मीच नव्या माणसांना शिकवतो!”

“या दोघांची नजर माझ्या सगळ्या खलाशांपेक्षा पक्की आहे,” कप्तानबाई म्हणाल्या. “शाबास!”

सिग्रिडताईनं धक्क्यावरच पेटी उघडली. बाहीवरच्या भरतकामावरून हात फिरवला आणि पोशाखात तोंड खुपसून रडायला लागली.

“अगं, मिळाला ना आता!” योरुन घाबरून म्हणाली.

“पोशाख नसता तरी लग्न झालंच असतं गं,” ताई डोळे पुसत म्हणाली. “पण मग आई नसती आली.”

सकाळपासून सगळ्या जगावर चिडलेली योरुन हळूच पुढे सरकली. तिनं ताईचा हात घट्ट धरला.