टाचेचा आवाज

माझ्या स्की एकोणीसशे पंच्याण्णव सालच्या. लांब, जाड आणि इतक्या जड की माझी बायको रेखा त्यांना 'दाराच्या फळ्या' म्हणते. मिशिगनमध्ये ट्रॉयला आमच्या घरापासून तासाभरावर बुटक्या टेकड्या आहेत. लिफ्टने वर जायचं आणि घसरत खाली यायचं, एवढ्यापुरत्या त्या फळ्या उत्तम होत्या. पण आमची अंतरा कोलोरॅडोला कॉलेजात गेली आणि तिला लिफ्ट नसलेल्या डोंगरांचं वेड लागलं. तिथे स्की पायात घालूनच वर चढावं लागतं. माझ्या स्कीत बुटाची टाच पक्की जखडलेली असते, आणि टाच उचलल्याशिवाय माणूस चढणार कसा?

"नवीन सेट घे ना, बाबा," अंतरा फोनवर म्हणाली. "सगळे लाइट स्की वापरतात आता."

चालू वस्तू टाकून नवी घेईन तर मी गुरुदत्त कसला! मी ॲडॅप्टर मागवले. ॲडॅप्टर म्हणजे पुढच्या टोकाला बिजागरी असलेल्या धातूच्या दोन चौकटी. चौकट स्कीच्या पकडीत अडकवायची आणि बूट चौकटीत. चढताना टाच मोकळी उचलता येते. माथ्यावर पोचलं की चौकट काढून सॅकमध्ये टाकायची, बूट थेट पकडीत दाबायचा आणि नेहमीसारखं खाली यायचं. गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे ते साधंसुधं यंत्र मला बेहद्द आवडलं. त्यात दोष एकच होता. दर पावलाला टाच खाली आली की चौकट स्कीवर आपटून 'टक' असा आवाज व्हायचा. अंतराच्या स्कींचा मुळीच आवाज होत नसे.

मार्च २००५ मध्ये तिला आठवडाभर सुट्टी होती, म्हणून मी गेलो. निघताना रेखा एवढंच म्हणाली, "तिला नीट खाली घेऊन ये. डोंगर काही पळून जात नाहीत."

सकाळी आठला आम्ही घाटाच्या रस्त्यालगत गाडी लावली. तिथे दुसरी गाडी नव्हती. रात्रभर बर्फ पडलं होतं आणि उतारावर सशाच्या पावलांशिवाय एकही खूण नव्हती. मागे घसरू नये म्हणून स्कींच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून आम्ही चढायला लागलो. टक, टक, टक.

"बाबा, यू साउंड लाइक अ टाइपरायटर."

"पन्नाशीतला टाइपरायटर आहे. जरा हळू चाल."

दर दहा पावलांनी मी थांबून दम खायचो. ती पुढे जाऊन वाट बघायची, हसायची, चॉकलेट द्यायची. बापलेकीला एकमेकांशी बोलायला इतका वेळ बऱ्याच वर्षांनी मिळाला होता. मी फार खूश होतो.

साडेअकराला माथा आला. पश्चिमेकडून धुकं वर सरकत होतं. अशा उतारावरचं बर्फ अचानक कोसळू शकतं, म्हणून एका वेळी एकानेच उतरायचं असा नियम आहे. पहिल्याने सुरक्षित जागा गाठायची, मग दुसऱ्याने निघायचं. उताराच्या मध्यावर झाडांचा एक छोटा पुंजका होता. मी काठीने दाखवला.

"त्या झाडांपाशी थांब. मी येईपर्यंत जागची हलू नकोस."

"येस, बॉस," म्हणून ती निघाली. पुंजक्यापाशी थांबून तिने हात हलवला. तेवढ्यात धुक्याने झाडं आणि ती, दोन्ही झाकून टाकली.

माझ्या चौकटींच्या खिट्ट्यांत बर्फ गोठलं होतं. ठोकून ठोकून दोन्ही काढेपर्यंत दहा मिनिटं गेली. त्या सॅकमध्ये टाकल्या, पट्टा आवळला आणि बूट पकडीत दाबले. तेव्हाच खालून आवाज आला. वरच्या मजल्यावर कुणी जड गादी टाकावी, तसा दबका.

मी वॉकीटॉकीवर हाक मारली. नुसती खरखर.

मी उतरलो. दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. उतार अचानक खडबडीत झाला आणि मी थांबलो. गुळगुळीत बर्फाच्या जागी मोठाले ढेकळांचे ढीग होते. त्यातून एका झाडाचा शेंडा तेवढा वर आला होता.

पुंजका होता ती हीच जागा.

इथे मीच तिला उभं केलं होतं. हलू नकोस, हेही मीच सांगितलं होतं.

आमच्या दोघांच्या छातीवर बीकन होते. माणूस गाडला गेला तरी त्याच्या बीकनचा संदेश दुसऱ्याच्या बीकनवर येतो आणि तो किती मीटरवर आहे तो आकडा दिसतो. मी माझा शोधावर टाकला. आकडा येईना. ढिगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. तोंडाने काय बडबडत होतो ते आठवत नाही. रेखाची माफी मागत होतो बहुतेक.

टक.

मी थबकलो.

टक, टक. उजवीकडच्या दाट रानातून.

कुणीतरी आहे! मी मदतीसाठी ओरडलो. उत्तर आलं नाही, पण आवाजही थांबला नाही. जड, सावकाश पावलं. मी नकळत मोजत होतो. दहा झाली आणि थांबली. दम खाण्यापुरती. पुन्हा दहा.

मी हात मागे नेऊन सॅक चाचपली. दोन्ही चौकटी आत होत्या.

बीकनवर आकडा उमटला. चाळीस.

मग बत्तीस. मग अठरा.

आवाज बंद झाला आणि झाडांतून अंतरा बाहेर आली.

"बाबा? तू खाली कसा? मी तर तुझ्या मागे होते!"

मी तिला मिठी मारली आणि मोठ्याने रडलो. लाज वगैरे काही वाटली नाही. माझ्या खांद्यावरून तिला तो ढीग दिसला.

"मी तिथेच उभी होते," ती म्हणाली. "मग तुझं टकटक ऐकू आलं, रानातून. मला वाटलं, तू रस्ता चुकलास. किती हाका मारल्या, तू काही बोललाच नाहीस. मग मी तुझ्या मागे निघाले. आणि मग मागे तो मोठा आवाज झाला."

तिच्या मागे, झाडांतून आमच्यापर्यंत, दोन अरुंद रेघा आल्या होत्या. तिच्याच स्कींच्या. त्या सोडल्या तर बर्फ कोरं होतं.

"हो," मी म्हणालो. "चुकलोच होतो जरा."

खरं सांगून काय साधणार होतं? काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपल्याकडे म्हणतात, तेवढंच मी मनाशी म्हटलं. मी इंजिनिअर माणूस, प्रतिध्वनीचीही एक शक्यता मांडून पाहिली. मग तीही सोडून दिली. ती माझ्यापुढे झाडांतून वळणं घेत उतरत होती, मधूनच मागे वळून मी येतोय ना ते बघत होती. मला दुसरं काही नको होतं.

दोनच्या सुमाराला आम्ही गाडीशी पोचलो. धुकं विरलं होतं आणि ऊन पडलं होतं. थर्मासमधला चहा प्यायलो, रेखाने दिलेल्या दशम्या उभ्याउभ्याच संपवल्या. आईला यातलं काय सांगायचं नाही, याची यादी करताना आम्ही दोघं हसत सुटलो. इतकी चविष्ट दशमी मी जन्मात खाल्ली नव्हती.

गाडीत बसलो. किल्ली लावली, पण बोटं वळेनात. अंतराने माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि तळव्यांत धरून चोळायला लागली.

"बाप रे, बर्फ झालेत नुसते," ती म्हणाली. "मघाशी रानात तुझ्या मागे येताना त्या आडव्या पडलेल्या झाडावरून मला ओढून घेतलंस ना, तेव्हा किती गरम होते."